वास असेल तर चालेल

आई पहिल्यांदा आमच्याकडे कार्डिफला आली ती २०१७ च्या मार्चमध्ये. १ मार्च हा संत डेव्हिडचा दिवस, वेल्सचा सण. त्या दिवशी शाळेतली पोरं, दुकानातल्या बायका, बसचे ड्रायव्हर, जो तो कोटाला पिवळं डॅफोडिल टोचून फिरतो. आणि रस्त्याच्या कडेला, चौकातल्या गोल बेटावर, नदीकाठच्या ब्यूट पार्कमध्ये, जिकडे बघावं तिकडे पिवळं. मला वाटलं आई हरखून जाईल. हरखलीही. मग एका ताटव्यापाशी गुडघ्यावर हात टेकून वाकली, नाक फुलापर्यंत नेलं, आणि सरळ होत म्हणाली, "वासच नाही की गं याला. देवाला कसं वाहायचं?"

"आई, जास्वंदीला तरी कुठे वास असतो?"

"जास्वंदीचं वेगळं. ते गणपतीचं आहे."

विषय संपला.

आईची वासाची मोजपट्टी कुठली, ते सांगायला हवं. आम्ही साताऱ्याचे, पण माझं आजोळ उरुळी कांचनच्या पलीकडे. मामांची पाऊण एकर गुलछडी होती. शहरात तिला निशिगंध म्हणतात. आमच्या आजोळी ती गुलछडीच. पहाटे बत्ती घेऊन कळ्या खुडायच्या, पोत्यात भरायच्या, पोती गुलटेकडीला जाणाऱ्या टेम्पोत चढवायची. सुट्टीत आम्ही पोरं त्या पोत्यांना टेकून पुण्याला जायचो. उतरलो की केसांना, फ्रॉकला, हातातल्या बिस्किटालासुद्धा गुलछडीचा वास. अशा घरात वाढलेल्या बाईला मी डॅफोडिल दाखवत होते.

(शाळेतल्या त्या इंग्रजी कवितेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. सगळ्यांनी लिहून झालंय. शिवाय वासाचा उल्लेख तिच्यातही नाही.)

पुढच्या जानेवारीत माझ्या वाढदिवसाला नवऱ्याने पोस्टाने फुलं मागवली. लांबट चपटं खोकं, सिली बेटांवरून आलेलं. ही बेटं कॉर्नवॉलच्या टोकाच्याही पुढे, अटलांटिकमध्ये. तिथे कडाक्याचा गारठा पडत नाही, म्हणून बाकी देश अंधारात कुडकुडत असतो तेव्हा तिथे सुवासिक नार्सिसस तोडणीला येतात. नार्सिसस हे वंशाचं शास्त्रीय नाव. डॅफोडिल, जाँक्विल, आपली नर्गिस, सगळ्या एकाच घरच्या. खोकं उघडलं आणि स्वयंपाकघरात मोगरा शिरला. एकेका दांड्यावर बरीच छोटी छोटी फुलं, पाकळ्या पिवळ्या, मधली वाटी नारिंगी. जातीचं नाव 'सोलेई दॉर'. नंतर वाचलं की तिथले शेतकरी उन्हाळ्यात या शेतांवर प्लास्टिक अंथरून त्याखाली धूर सोडतात. धुरातला इथिलीन वायू कंदापर्यंत पोचला की फुलं लवकर येतात. मामांना हे फार आवडलं असतं.

मी हावरटासारखी त्याच जातीचे वीस कंद मागवले. आले काय, तर नुसती पानं. सोलेई दॉरला उन्हाळ्यात जमीन खरपूस तापलेली लागते आणि हिवाळा सौम्य लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही. आमची मागची बाग म्हणजे दोन चारपाया टाकल्या तर संपेल एवढी, आणि माती चिकण. पावसाळ्यात, म्हणजे बाराही महिने, बुटाला लाडवासारखी चिकटते आणि एखादा कोरडा आठवडा गेला की भेगाळते.

मग जरा अभ्यास केला. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे तेरा गट पाडलेत. कोटाला लावतात ती मोठ्या कर्ण्याची पिवळी, ती पहिल्या गटातली. अगदीच निर्गंध नसतात, पण वास ओल्या गवताएवढाच, तोही मार्चच्या थंडीत नाकापर्यंत पोचत नाही. वासाचे गट पुढे आहेत: सातवा जाँक्विलचा, आठवा टाझेटाचा, नववा पोएटिकसचा. शिवाय चौथ्या गटात, दुहेरी फुलांत, टाझेटाच्या काही लेकी लपलेल्या असतात. खोक्यावरचा फोटो बघून कंद घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. फोटोला वास नसतो, म्हणून सगळे पिवळा कर्णा घेऊन घरी जातात.

मी चार जाती निवडल्या. 'चिअरफुलनेस', पांढरी दुहेरी, आत लोण्याच्या रंगाच्या चुण्या. 'जेरेनियम', जिचा जेरेनियमशी काही संबंध नाही. टाझेटा आणि पोएटिकसचा संकर, त्यामुळे वास आईकडून आणि थंडी सोसायची ताकद बापाकडून, असं मी आपलं समजते. 'थॅलिया', शुभ्र, मान खाली घातलेली. आणि 'फेझंट्स आय', सगळ्यांत उशिरा फुलणारी: पांढऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये चिमुकली पिवळी वाटी, वाटीला कुंकवाची रेघ.

लावायची वेळ सप्टेंबर. ट्यूलिप नोव्हेंबरपर्यंत थांबतात, डॅफोडिल नाही; यांची मुळं पावसाळी शरदातच धरायला लागतात. बेणं घेताना (मला कंद म्हणवत नाही, मामांचा शब्द तोंडात बसलाय) दाबून बघायचं. कांद्यासारखं टणक, जड हवं. बूड मऊ लागलं तर आत कुज आहे, मानेशी पोकळ लागलं तर आत बहुधा अळी आहे. मी वाफ्यात बारीक खडी आणि कुजलेल्या पानांचं खत मिसळलं. ताजं शेणखत यांना सोसत नाही, बूड कुजतं.

खड्डे खणताना शेजारचे आजोबा कुंपणावर कोपर टेकून बघत होते. तरुणपणी ते कोळशाच्या खाणीत होते. माझे चार बोटं खोल खड्डे बघून ते म्हणाले, "अजून खाली जा."

अजून खणलं.

"अजून."

खाणकामगारच तो, त्याला खोलच जावंसं वाटणार, असं मी मनात म्हटलं. पण त्यांचं बरोबर होतं. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खड्डा लागतो. दोन इंची कंद असला तर सहा इंच, म्हणजे माझी जवळजवळ वीत. टोक वर, बूड खाली, दोन कंदांत दोन कंद मावतील एवढी जागा. उथळ लावले तर पहिल्या वर्षी फुलतात, लोक खूश होतात, मग कंद तुटून तुटून बारीक होतात आणि नुसती पात उरते. शिवाय वरून ऊन आणि कंद पोखरणाऱ्या अळीची माशी दोन्ही लवकर पोचतात. त्या दिवशी मी साठ खड्डे केले आणि रात्री पाठीला आयोडेक्स लावून झोपले. वरच्या ओळीतले शेवटचे पंधरा कंद मात्र कंटाळून उथळच लावले, ते पुढे येईलच.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वेल्श भाषेत डॅफोडिलला 'केनहिनेन बेदर' म्हणतात, म्हणजे पीटरची लीक. लीक ही इथली जाडजूड कांद्याच्या पातीसारखी भाजी, तीही वेल्सचं चिन्ह. म्हणजे यांनाही ती पातच वाटली होती! मला फार बरं वाटलं, कारण फुलण्याआधीची डॅफोडिलची जुडी दुकानात बादलीत उभी असली की माझ्या हाताला सवयीने झुणका आठवतो. ही गंमत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटांना कळवलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ ठेवू नका, लोक भाजी समजून खातात. कंदात, पातीत, फुलात, सगळीकडे लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं; उलट्या होतात. खारी ट्यूलिप उकरून खातात आणि डॅफोडिलला तोंड लावत नाहीत, त्याचं कारण हेच. तोडताना दांड्यातून गळणारा चीक हाताला लागला तर खाज सुटते. फुलं तोडणाऱ्या मजुरांना हा पुरळ इतका ठाऊक आहे की त्याला वेगळं नावच आहे. आणि याच झाडातून गॅलँटामाइन काढतात, अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते. त्यासाठी वेल्समधल्या ब्लॅक माउंटन्सच्या उतारांवर, मेंढ्यांच्या कुरणात, डॅफोडिलची लागवड झाली आहे. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हे वाक्य लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही.

फुलं आली. पहिल्या वर्षी मी वासाच्या नोंदी ठेवल्या, लॅबची सवय. थॅलिया, एप्रिलचा पहिला आठवडा: हलका, साबणाच्या वडीवरचा कागद उघडल्यासारखा. चिअरफुलनेस, एप्रिलचा मध्य: दोन फुलांनी खोली भरते. दुपारी जास्त. जेरेनियम: गोड, किंचित मसालेदार, मागे काहीतरी गोठ्यासारखं. फेझंट्स आय, मे: वहीत मी फक्त "लवंग?" असं लिहून ठेवलंय.

त्या गोठ्याबद्दल. मोगरा, जाई, गुलछडी आणि नार्सिसस या सगळ्यांच्या वासात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. अगदी थोडं असलं तर फूल फुलासारखं, भरदार लागतं. जास्त झालं तर नाकाला शेणकूट आठवतं, कारण इंडोल तिथेही असतं. पेपरव्हाइट नावाची टाझेटा आहे, इथले लोक नाताळच्या सुमारास घरात वाडग्यात खडे-पाणी घालून फुलवतात, सहा आठवड्यांत येते. तिच्यात हे इतकं असतं की अर्धे लोक वाडगा बाहेर नेऊन ठेवतात. आमच्या शेजारच्या आजींनी नाकाला रुमाल लावून त्यांचा वाडगा मला दिला. तबेल्याचा वास येतो म्हणाल्या. मला लक्ष्मी रोडवर दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा येतो.

पेपरव्हाइट घरात वाढवली की लांबलचक होऊन कोलमडते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यावर उपाय सापडला: मुळं धरल्यावर साध्या पाण्याऐवजी चार ते सहा टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घालायचं, म्हणजे दांडे बुटके राहतात आणि फुलं तेवढीच येतात. मी जिन वापरून पाहिली. जमतं. आईला फोनवर सांगितलं तर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ती फुलं देवाला नको हं."

आई दुसऱ्यांदा आली २०२२ च्या एप्रिलमध्ये. मुद्दाम तेव्हाचं तिकीट काढलं होतं. चिअरफुलनेस ऐन भरात होती. मी काही बोलले नाही. सकाळी खिडकीतून बघत बसले. आई शालीत गुंडाळून बागेत गेली, एका फुलापाशी वाकली, थांबली, पुढच्या फुलापाशी वाकली. आत आली तेव्हा तिच्या हातात तीन दांडे होते. बाळकृष्णापुढे एक, अन्नपूर्णेपुढे एक, आणि तिसरं तिने आपल्या अंबाड्यात खोचलं. "गुलछडी नाही," ती म्हणाली, "पण वास असेल तर चालेल." मी फक्त एवढंच बजावलं की हे फूल तीर्थाच्या पाण्यात पडू द्यायचं नाही. (फुलदाणीतही यांना आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवावं लागतं. चिकाने शेजारच्या ट्यूलिप माना टाकतात.)

इथवर सगळं गोड चाललं होतं.

डॅफोडिलचं खरं काम फूल गेल्यावर सुरू होतं. सुकलेलं फूल खुडायचं, दांडा ठेवायचा, आणि पानांना हात लावायचा नाही, निदान सहा आठवडे. पानं पसरतात, लोळतात, पिवळी पडतात, बाग उकिरड्यासारखी दिसते. पण त्याच आठवड्यांत ती कंद पोसत असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीचं फूल तयार होतं. मी टोमॅटोचं पोटॅशवालं खत पाण्यातून देते तेही याच काळात.

मे महिन्यात एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर बाग चकाचक. आईने सगळ्या डॅफोडिलच्या वेण्या घातल्या होत्या. तिपेडी. प्रत्येक झुबक्याची एक वेणी, शेवटाला रबर बँड, काही वेण्या वर दुमडून घातलेल्या, शाळेत जाताना आमच्या असायच्या तशा. "किती गं केस मोकळे सोडून बसल्या होत्या," आई म्हणाली. मला सोडवायचं धाडस झालं नाही. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होत्या. मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवले.

वेणी घातली की पानांना ऊन मिळत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये साठातले जेमतेम वीस फुलले. न फुललेल्या कंदाला इथले माळी 'आंधळा' म्हणतात. उर्दू शायरीत नर्गिस म्हणजे डोळा, आणि बऱ्याचदा तोही बिनउजेडाचा; दोन्हीकडच्या लोकांना एकाच फुलाबद्दल आंधळेपण सुचावं याचं मला अजून नवल वाटतं. आईसाठी नर्गिस म्हणजे राज कपूरबरोबरची, बाकी काही नाही.

पण सगळा दोष वेण्यांवर ढकलणं बरोबर नाही. २०२२ चा उन्हाळा इथे फारच कोरडा होता, आणि दुहेरी जातींना व पोएटिकसला ओल तुटलेली चालत नाही. पोएटिकस मूळचं डोंगरातल्या ओल्या कुरणांतलं. चिअरफुलनेसच्या काही कळ्या तर पुढच्या वसंतात न उमलताच कागदासारख्या वाळल्या. वर मी कंटाळून उथळ लावलेले ते पंधरा कंद. जूनच्या शेवटी पानं पूर्ण सुकल्यावर मी सगळं खणून काढलं. एकेका कंदाचे चार-पाच झाले होते, लसणाच्या गड्ड्यासारखे दाटीवाटीने, एकमेकांना उपाशी ठेवत. दोन कंदांच्या पोटात प्रत्येकी एक लठ्ठ अळी निघाली. नार्सिसस माशीची. ही माशी दिसायला अगदी छोट्या भुंग्यासारखी, मे-जूनमध्ये सुकत्या पानांच्या बुडाशी अंडी घालते. पान सुकताना जमिनीत जे भोक उरतं ते पायाने माती दाबून बुजवलं की तिला वाट मिळत नाही. इतका साधा उपाय आहे, आणि मी चार वर्षं केला नव्हता.

बेणं सोलून वेगळं केलं, सावलीत जाळीच्या पिशवीत वाळवलं, सप्टेंबरात पुन्हा लावलं. या वेळी सगळे खोल. छोटी पिलावळ फुलायला दोन-तीन वर्षं घेते, तिला कोपऱ्यात स्वतंत्र वाफा दिला. उरलेलं बेणं आजोबांना दिलं. त्यांनी ते कुठेही, गवतातसुद्धा, लावलं आणि त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं फुलतं.

पुण्याहून वहिनी दर वर्षी विचारते, "येताना चार कंद घेऊन ये की." नाही आणता येत. माती लागलेलं, न लागलेलं, कुठलंही बेणं परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय भारतात न्यायचं नसतं, आणि ती कुज, ती माशी बघितल्यावर मला तो नियम पटतो. शिवाय साधं डॅफोडिल पुण्यात फुलायचं नाही. त्याला जमिनीत तीन-साडेतीन महिने खरी थंडी लागते, फ्रीजमधल्या खालच्या कप्प्याएवढी. काश्मीर-हिमाचलात डॅफोडिल येतं ते त्यामुळेच. हौसच असेल तर तुमच्याकडच्या नर्सरीत पेपरव्हाइटचं बेणं मिळतं का बघा. तिला थंडीची अट नाही. कुंडीत डिसेंबरच्या सुमारास फुलेल असं लावा. आणि फ्रीजमध्ये कंद ठेवायचे प्रयोग करणार असाल तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'खायचे नाहीत' असं लिहा, घरात सासूबाई असोत वा नसोत. पण ज्यांच्या अंगणात चार गुलछड्या येऊ शकतात त्यांनी माझा हेवा का करावा, हे मला अजून कळलेलं नाही.

यंदा फेझंट्स आय मेच्या दुसऱ्या आठवड्यात फुलली, तेवीस फुलं. आईला आता गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. रोज तिच्या रात्रीच्या जेवणानंतर व्हिडिओ कॉल असतो, आणि फोन आधी बागेकडे फिरवायचा, मग माझ्याकडे, असा तिचा हुकूम. परवा फुलं संपली होती. पानं वाफ्याबाहेर येऊन वाटेवर आडवी पडली होती, काही शेंड्याशी पिवळी.

"काय अवतार झालाय," आई म्हणाली. "वेणी नको, कळलं मला. निदान एक सैल अंबाडा?"

"जून संपेपर्यंत काहीही नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन थोडा जवळ न्यायला सांगितला.